मदत हवी आहे: कृष्णधवल केलेला फोटो राखेसारखा दिसतोय

चिंचपेटी:
हिरव्या नऊवारीतल्या आजी, मागे भाताचं खाचर. रंगीत फोटो झकास आहे. कृष्णधवल केला की साडी खाचरात विरघळते, लाल काठ तर गायबच. कॉन्ट्रास्ट वाढवला तर चेहरा काळाठिक्कर. गुरुवारी प्रिंटला द्यायचाय. काय चुकतंय?

सोनटक्का:
कशात केलात? कसा केलात? फाइल रॉ (कॅमेऱ्याची कच्ची) की जेपेग (दाबून लहान केलेली)? प्रिंट केवढी?

चिंचपेटी:
फोटोशॉप. कंट्रोल-शिफ्ट-यू, नेहमीसारखं. प्रिंट १२ बाय १८.

सोनटक्का:
तिथेच घोटाळा. ते डिसॅच्युरेट. पिक्सेलच्या लाल-हिरवा-निळा या तीन आकड्यांतला सर्वांत मोठा आणि सर्वांत लहान घेऊन त्यांची सरासरी काढतं. शुद्ध लाल आणि शुद्ध हिरवा, दोन्ही १२८ च्या आसपास (० काळा, २५५ पांढरा). डोळ्याला हिरवा कितीतरी उजळ दिसतो, त्याचा हिशोबच नाही. ब्लॅक अँड व्हाइटचा ॲडजस्टमेंट लेयर (मूळ फोटो न बदलता वर चढणारा थर) घ्या. पण आहे तसा सोडू नका. त्यात प्रत्येक रंग किती उजळ करायचा त्याची सरकपट्टी असते; मुळात लाल ४०, पिवळा ६०, हिरवा ४० असतं, म्हणजे काठ आणि साडी पुन्हा एकाच करड्यात. कोवळा भात दिसतो हिरवा, पण बराचसा पिवळ्याच्या पट्टीला हलतो. साडी बाटलीहिरवी असेल तर ती हिरव्या नि सायनला (निळसर हिरव्याला). पिवळा १००, हिरवा १०, लाल ७५ इथून सुरू करा, पुढचं डोळ्याने.

रीळ१२०:
लाल ७५ नि पिवळा १०० म्हणजे आजींचा चेहरा पिठात बुडवल्यासारखा. कातडी याच दोन पट्ट्यांत असते. चॅनल मिक्सर घ्या (लाल, हिरवा, निळा किती टक्के मिसळायचा ते त्यात ठरतं), मोनोक्रोमवर टिक, तिघांची बेरीज १०० ठेवा. इतकी वर्षं त्यावरच चाललं होतं सगळ्यांचं.

सोनटक्का:
त्यात खाचर उजळायला लाल चॅनलच चढवावा लागतो, मग चेहरा जातोच की वर! मास्क लावा, म्हणजे लेयर हव्या त्याच भागावर चालेल. चेहऱ्याला वेगळा लेयर, लाल ४५, पिवळा ६०. मात्र दोन्ही लेयर नुसते एकावर एक चढवू नका. खालच्याने रंग खाल्ला की वरच्याला हलवायला काही उरत नाही. दोघांना एकमेकांच्या उलट मास्क हवेत.

भाकरतुकडा:
खरं कृष्णधवल हवं तर लाइका एम मोनोक्रोम कॅमेरा. २०१२ पासून आहे. सेन्सरवर रंगाची जाळीच नाही.

रीळ१२०:
म्हणूनच साडी नि काठ नंतर वेगळे करता येत नाहीत. रंगीत फिल्टर लेन्सवर, फोटो काढतानाच. इथे काय उपयोग?

अनुस्वार:
मुळात यात कृष्णही नाही, धवलही नाही. ‘करडा फोटो’ म्हणा.

चिंचपेटी:
साडी सुटली!! पण काठाभोवती पांढरी किनार आणि चौकोन चौकोन दिसताहेत. आभाळही निळा शून्यावर नेला तरी गडद होत नाही.

सोनटक्का:
रॉ का जेपेग विचारलं होतं. फाइल आली कुठून?

चिंचपेटी:
बहिणीने मोबाइलवर काढला, व्हॉट्सॲपवर पाठवला.

सोनटक्का:
हे आत्ता सांगताय! तिथे साध्या पाठवणीत लांब बाजू १६०० पिक्सेलच्या आसपास उरते. १८ इंचांवर पसरलीत तर इंचाला ८९ पिक्सेल. शिवाय अशा जेपेगमध्ये रंगाची माहिती उभी-आडवी निम्मीच ठेवलेली असते, आणि सगळं ८ बाय ८ च्या ठोकळ्यांत. रंगीत फोटोत ते लपतं, पट्ट्या ओढल्या की उघडं पडतं. मूळ फाइल डॉक्युमेंट म्हणून मागवा. आभाळ ढगाळ आहे ना? मग निळा नाहीच तिथे, हलणार काय? वरून खाली ग्रेडियंटचा (हळूहळू विरत जाणारा) मास्क आणि कर्व्हने (उजेड-अंधार कमीजास्त करायची वक्र रेघ) गडद करा.

रीळ१२०:
लॅबला ग्रेस्केल (नुसत्या करड्याची फाइल) नको, एसआरजीबी (नेहमीची तीन रंगांची) द्या. आधी ४ बाय ६ ची एक प्रिंट काढून उन्हात बघा, रंगीत फोटोच्या कागदावर हिरवट किंवा जांभळट झाक येते. स्क्रीनचा उजेडही उतरवा, नाहीतर प्रिंट काळी येईल.

चिंचपेटी:
मूळ आली. ४००० बाय ३०००, आडवी. किनार गेली, चौकोनही.

भाकरतुकडा:
४:३ आहे. १२ बाय १८ मध्ये उंचीतले ३३३ पिक्सेल कापले जातील, डोकं तरी नाहीतर पाय तरी. १२ बाय १६ सांगा.

चिंचपेटी:
फ्रेम घेऊन झाली आहे. पाय जाऊ देत, तसेही चिखलातच आहेत.