पंक कॉन्सर्टची जुनी कॅसेट: हळूहळू चढत जाणारी पट्टी कशी सुधारू?

गर्दीत उभं राहून छोट्या रेकॉर्डरवर रेकॉर्ड केलेली 90 मिनिटांची कॅसेट डिजिटल करतोय. दुसरी प्रत कुठेच नाही, त्यामुळे टेप पुन्हा पुन्हा वाजवायची नाहीये.

टेपला हेडवर दाबून धरणारं आतलं फेल्ट पॅड गळालं होतं, म्हणून टेप स्क्रूवाल्या दुसऱ्या कवचात घातली. हेड साफ केलं, झांजांचा आवाज ऐकत अ‍ॅझिमथ (टेपशी हेडचा कोन) जुळवला आणि डॉल्बी (खरखर कमी करणारी सोय) बंद ठेवून 24 बिट, 96 किलोहर्ट्झवर उतरवून घेतलं. हे काम मनासारखं झालं. शेजारच्या कुणीतरी घसा फोडून म्हटलेलं ध्रुवपदसुद्धा स्वच्छ ऐकू येतं!

अडचण वेगाची आहे. रेकॉर्डरची बॅटरी उतरत गेली असणार. तेव्हा टेप हळू फिरली, म्हणून आता नेहमीच्या वेगाने वाजवताना गाणी शेवटाकडे जलद आणि वरच्या पट्टीत जातात. दोन गाण्यांच्या मधे अ‍ॅम्प्लिफायरची घुरघुर आहे. ही घुरघुर विजेच्या दुप्पट वारंवारतेची असते; वीज 50 हर्ट्झची असल्यामुळे ती 100 हर्ट्झला हवी; पहिल्या गाण्यानंतर जवळपास तेवढीच भरते, शेवटी मात्र 106. म्हणजे जवळजवळ अर्धा स्वर!

ऑडॅसिटी या ध्वनी-संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये पूर्ण फाइलचा वेग बदलला तर सुरुवात बिघडते. एकेक गाणं वेगळं सुधारलं तर जोडावर पट्टी उडी मारते. गिटारच्या ट्यूनिंगवर भरवसा नाही, ते मधे बदललंय.

घुरघुर फक्त गाण्यांच्या मधेच मोजता येते. तेवढ्या बिंदूंवरून वेगाचा सलग वक्र आखून पूर्ण फाइलला लावता येईल, असं मोफत सॉफ्टवेअर कोणतं? आणि गाणं चालू असतानाचा वेग कशावरून मोजायचा?