स्वस्तातला सेल्फ-टॅनर स्प्रे तोंडावर मारलाय का कुणी? अनुभव सांगा

दादरची_मासोळी
शिवाजी पार्कच्या महात्मा गांधी तलावात सकाळच्या बॅचला पोहते. तलाव उघड्यावर, त्यामुळे तोंड रापलेलं आणि डोळ्यांभोवती गॉगलची दोन पांढरी वर्तुळं. भाचा घुबडमावशी म्हणतो. पार्लरमध्ये पाऊल टाकलं की एकच, "ताई, डी-टॅन करून टाकू?" अगं बाई, मला रापलेला रंग आवडतो, पांढरं उरलंय ते सावळं करायचंय! त्या मुलीने शेजारणीकडे बघितलं आणि दोघी गप्प झाल्या.

शेवटी ऑनलाइन चारशेच्या आतला, चेहऱ्याचा म्हणून विकतात तो सेल्फ-टॅनर, म्हणजे उन्हाशिवाय कातडी सावळी करणारा फवारा मागवला. मे महिना, पंखा पाचवर, तरी घाम. चार तासांनी आरशात बघते तर कानशिलापासून जबड्यापर्यंत चहा सांडल्यासारखा ओघळ. चार दिवस केस मोकळे सोडून हिंडले. तुमचं काय झालं ते लिहा, फसलेलं आधी.

हळदीची_करवली
मावसबहिणीच्या हळदीच्या आदल्या रात्री मारला. सकाळी आत्या म्हणाली, "तुला कुणी लावली गं आधीच?" फोटो मागू नका.

जुना_पार्लेकर
रंगापेक्षा वासाचं बोला. रात्री मारून झोपलो तर उशीला सादळलेल्या बिस्किटांचा वास. २०१६ साली बंद होईपर्यंत आमच्या स्टेशनवर कारखान्यातून ताज्या बिस्किटांचा वास यायचा, त्याची ही गरीब चुलतबहीण. शिवाय दाढी असेल तर नादी लागू नका, केसांच्या मुळाशी ठिपके ठिपके दिसतात. आणि मारून झाल्यावर हात धुवा. मी धुतले नाहीत, आठवडाभर तळवे विडी कामगारासारखे.

निवृत्त_रसायनवाला
पार्लेकर, वास उगाच नाही येत. तव्यावरच्या पोळीला, खरपूस कांद्याला तपकिरी रंग येतो त्याच घराण्यातली ही अभिक्रिया. बाटलीतलं डीएचए म्हणजे एक साधी साखर. ती त्वचेच्या सगळ्यात वरच्या, मेलेल्या थरातल्या अमिनो आम्लांना चिकटून रंग धरते. त्याला काही तास लागतात, म्हणून मासोळीताई, तेवढ्यात घाम आला की ओघळ ठरलेला. थर झडला की रंग गेला. उटणं लावून घासलंत तर त्याआधीच.

शोधही गमतीत लागला. १९५० च्या दशकात सिनसिनाटी विद्यापीठात एवा विटगेनस्टाइन ग्लायकोजेन साठण्याच्या आजारातल्या मुलांना डीएचए पाजून बघत होत्या. अंगावर सांडायचं तिथे कातडी तपकिरी, कपडे मात्र कोरे.

एक काळजी घ्या. अमेरिकेच्या एफडीएची याला परवानगी आहे ती बाहेरून लावण्यापुरती. डोळे, ओठ, श्वासावाटे आत जाणं यांसाठी नाही. आपली बाथरूमची खिडकी उघडते डक्टमध्ये, तिथे दार लावून फवारा मारणं म्हणजे निम्मा छातीत. तळहातावर घेऊन लावा.

लालबागचा_गडी
बॉडीबिल्डिंगच्या स्टेजचा टॅन वेगळा भाऊ, तो गादीला पण लागतो. मी एकदा पैसे वाचवायला अंगाला स्टेजवाला आणि तोंडाला हा स्वस्तातला मारला. लाइटमध्ये मान शिसवीची, तोंड शेंगदाण्याचं. नंबर आला नाही.

नाव_नको
पहिल्यांदाच लिहितेय. माझ्या हनुवटीवर डाव्या बाजूला कोडाचा डाग आहे, रुपयाच्या नाण्याएवढा. लग्नानंतर चौथ्या वर्षी आला. सासूबाईंनी पहिला प्रश्न विचारला, मासे खाऊन दूध प्यायलीस का? (त्याचा वेगळा धागा होईल.) उपचार चालू आहेत, पण रंग यायला महिनोन्‌महिने लागतात आणि मी बसते बँकेच्या काउंटरवर. कन्सीलर लावून ठाण्याहून निघायचे, सीएसएमटीला उतरेपर्यंत निम्मा रुमालात.

माझ्या स्किनच्या डॉक्टरबाई म्हणाल्या, डीएचएवालं स्वस्तातलं घेतलंस तरी चालेल, आधी कानामागे लावून एक दिवस थांब. फवारा मी तोंडावर मारतच नाही. झाकणात दोनदा दाबते, इअरबड बुडवते आणि डागावर नुसता टेकवते, घासत नाही. त्याआधी डागाच्या बाहेरून, चांगल्या त्वचेवर, व्हॅसलिनची बारीक रेघ ओढते. पहिल्या वेळी ती ओढली नव्हती, तर कडा गडद झाल्या आणि डागाला महिरप आली, जास्तच उठून दिसायला लागला. पहिला हात वाळला की दोन तासांनी दुसरा. मग पंख्याखाली उताणं झोपायचं, नवरा म्हणतो आमच्याकडे मूर्ती वाळत घातलीय.

रंग हुबेहूब जुळत नाही, जरा पिवळटच असतो. पण पासबुक पुढे करणारा माणूस माझ्या डोळ्यांकडे बघून बोलतो, त्याची नजर खाली घसरत नाही. चौथ्या दिवशी फिका पडायला लागतो, म्हणून बुधवार आणि रविवार ठरलेत. सनस्क्रीन चुकवत नाही. डाग वरून तपकिरी दिसला तरी ऊन अडवायला आत काही नाही. विसर्जनाच्या दिवशी विसरले होते, रात्री डाग लालभडक झाला, झोप नाही.

दादरची_मासोळी
नाव_नको, तुमच्या इअरबडने काल बसले. डोळ्यांच्या जवळ गेले नाही, हाडावरच थांबले. वर्तुळं आहेतच, पण लहान झालीत. भाच्याने नीट निरखून बघितलं आणि म्हणाला, आता पिंगळा.

व्हॅसलिन पुसता कधी, वाळल्यावर लगेच की सकाळी?

नाव_नको
सकाळी. आधी पुसलं तर रंग पसरतो.