केसिंग (भिंतीवरची प्लास्टिक पट्टी), वरून पाइप आणि कन्सील (भिंतीच्या आत पाइप), तिन्हींना एकच पॉइंट रेट लावता का? (नाशिक)

तारवाला_सिडको:
नमस्कार मंडळी, सातपूरच्या आयटीआयमधून वायरमन करून चार वर्षं झाली स्वतःची कामं घेतोय. जास्त करून पाथर्डी फाट्याकडच्या नव्या फ्लॅटांत, तिथं पाइप आधीच पडलेले असतात, वायर ओढली, बोर्ड लावला, झालं. म्हणून लेबर २२० रुपये पॉइंट (साधारण एक दिवा, पंखा किंवा प्लग म्हणजे एक पॉइंट) हा आकडा डोक्यात बसलेला. गेल्या महिन्यात पंचवटीत जुन्या वाड्यातल्या तीन खोल्या आल्या, ३८ पॉइंट, सगळं कन्सील पाहिजे, आणि मी तोच रेट सांगून बसलो. ८,३६० झाले. चार दिवसांत उरकेल वाटलं होतं. कटरने दोन बोटं रुंद झिरी (पाइप बसवायची खाच) मारली आणि छिन्नी लावली तर आतून पांढऱ्या मातीचं ढेकूळच खाली आलं, हात जाईल एवढं भगदाड. नऊ दिवस गेले. हेल्परला ६०० हजेरीने ५,४०० दिले, मला राहिले २,९६०, त्यातच कटरची दोन ब्लेडं. वर मालक म्हणतात भगदाड तुम्ही पाडलं तुम्हीच बुजवा. आता शेजारच्याच वाड्यातून फोन आलाय. तुम्ही लोक रेट कसा धरता?

अण्णा_जुना_वायरमन:
भाऊ, पॉइंट मोजून आलास, भिंत ठोकून नाही पाहिलीस. माझं साधं आहे, पॉइंटचा रेट म्हणजे वायर ओढणं, बोर्ड भरणं आणि टेस्टिंग, बस. झिरी वेगळी, रनिंग फुटाने, आणि विटेच्या भिंतीचा भाव वेगळा, ब्लॉकच्या भिंतीचा वेगळा, कारण हलका ब्लॉक लोण्यासारखा कापतो. झिरी बुजवणं, वर जाळी मारून गिलावा करणं हे गवंड्याचं काम, कोटेशनवर तसं लिहूनच द्यायचं, तोंडी बोललेलं कोणाच्या लक्षात राहत नाही.
नवीन बंगला असेल तर पैसे तीन टप्प्यांत घे: स्लॅबचे पाइप आणि फॅनबॉक्स, मग भिंतीतलं, मग वायर-फिटिंग. स्लॅबच्या आदल्या रात्री लोखंडावर उकिडवं बसून पाइप बांधावे लागतात, तो दिवस पॉइंटमध्ये फुकट घालवू नकोस.
केसिंग स्वस्त म्हणतात ते खरं आहे, पण कोपऱ्यात पट्टी ४५ अंशात नीट कापून बसवायला वेळ जातो, घाईत केलं की फट दिसते आणि गिऱ्हाईक नेमकं तिथंच बोट ठेवतं. मी केसिंगला जे लेबर घेतो त्याच्या दुपटीच्या खाली विटेतलं कन्सील घेत नाही. वरून पाइप गच्चीला, पार्किंगला, गाळ्याला, तिथं शोभेचं कोणाला पडलेलं नसतं. वाड्यात कन्सीलला मी हातच लावत नाही.

इंदिरानगरकर:
मी वायरमन नाही, पैसे देणारा आहे. दोन वर्षांपूर्वी चार कोटेशनं घेतली आणि सगळ्यात कमी स्क्वेअर फूट रेटवाल्याला काम दिलं. नंतर कळलं गीझरला अडीचची (अडीच चौरस मिमी) वायर टाकून दिलीय आणि अर्थिंगचा खड्डा हिशोबातच नव्हता, शिवाय आरसीसीबीचे (करंट गळला की लाइन तोडणारं स्विच) पैसे वेगळे. जिन्याचा टू-वे (वर-खाली दोन बटणांवर चालणारा एक दिवा) त्याने दोन पॉइंट धरला, मी एक समजत होतो, त्यावरून अर्धा तास वाद. तेव्हा तुम्ही लोकांनीही कागदावर लिहा ना, लाइटला दीड, प्लगला अडीच, गीझर-एसीला चार, ३० मिलिअँपची आरसीसीबी धरलीय की नाही, आणि पॉइंट म्हणजे नक्की काय. मग जास्त रेट सांगितला तरी आम्हाला कळतं कशाचे आहेत.

पाइपवाला_गंगापूररोड:
दादा म्हणतात ते बरोबर, पण अजून एक. हल्ली काही टॉवरमध्ये भिंतीसुद्धा काँक्रीटच्याच ओततात, मायवान पद्धत. तिथं गिऱ्हाईक म्हणेल एक एसी पॉइंट इकडे सरकवा, तर झिरी मारायचीच नाही, आत सळई असते. सरळ केसिंगचा रेट सांगायचा, नको असेल तर राम राम. आणि कन्सीलमध्ये वायर ठासून भरू नका, पाइप निम्म्याहून जास्त रिकामा दिसला पाहिजे, नाहीतर पुढच्या वेळी ओढताना रडाल आणि ते रडणं पण रेटमध्ये नसतं.

तारवाला_सिडको:
धन्यवाद अण्णा, सगळ्यांचेच. काल दुसरा वाडा बघून आलो. यावेळी आधी स्क्रूड्रायव्हर घेऊन चार ठिकाणी भिंतीत टोचलं, दोन ठिकाणी मुठीपर्यंत आत गेला, मालकांना तिथंच दाखवलं. तपकिरी केसिंग तुळयांच्या कडेने नेली तर खालून दिसत पण नाही, ते लगेच कबूल झाले. अर्थिंगची वायर जुन्या वायरिंगमध्ये नव्हतीच, ती आणि खड्डा वेगळा लिहिला. फक्त काकू अडून बसल्यात, देवघरात पट्टी दिसता कामा नये. तिथली भिंत सगळ्यात भुसभुशीत आहे. लाकडी देव्हाऱ्याच्या मागून पट्टी नेऊन समईच्या कोनाड्याच्या बाजूला बोर्ड काढला तर चालेल का, का तेलाचा आणि ज्योतीचा त्रास होईल?

अण्णा_जुना_वायरमन:
कोनाड्यापासून दोन हात लांब काढ. आणि त्या एका पॉइंटचे वेगळे पैसे सांग, काकू देतील.