‘हॉरर कॉमेडी’ला मराठीत नेमके काय म्हणावे?

सांगली (विषय मांडणारे सदस्य)

आमच्या सांगलीतल्या काही चित्रपटवेड्यांनी ‘हॉरर कॉमेडी’ या प्रकारातल्या आवडत्या चित्रपटांची क्रमवारी लावायला घेतली आणि पहिल्या क्रमांकापाशीच गाडी अडली. एका गटाला महेश कोठारे यांच्या १९९३ च्या ‘झपाटलेला’खेरीज दुसरे काही पहिल्या जागी चालत नाही. आमच्यातले वयाने मोठे असलेले सदस्य १९८२ च्या ‘एक डाव भुताचा’वर अडून बसले आहेत, कारण द. मा. मिरासदार यांच्या लेखणीची सर नंतर कोणाला आली नाही असे त्यांचे ठाम मत आहे. तरुण मंडळींचा कौल ‘स्त्री’ (२०१८) आणि ‘मुंज्या’ (२०२४) या हिंदी चित्रपटांना आहे. दोन बैठका अशा वादात गेल्यावर लक्षात आले की प्रत्येक गट वेगळ्याच प्रकाराची क्रमवारी लावत आहे. कोणी ‘विनोदी भयपट’ म्हणतो, कोणी ‘भुताचा विनोदी सिनेमा’ म्हणतो, एकाने ‘भूतपट’ असाही शब्द सुचवला. या प्रकाराला नेमका मराठी शब्द कोणता, आणि ‘झपाटणे’ व ‘पछाडणे’ यांत फरक आहे की महेश कोठारे यांनी २००४ मध्ये केवळ दुसरे नाव हवे म्हणून ‘पछाडलेला’ निवडले, याविषयी जाणकारांनी लिहावे.

मिरज

‘भयपट’ हा शब्द आता रुळलेला आहे, तेव्हा त्यालाच धरून पुढे जावे. विशेषण लावून ‘विनोदी भयपट’ म्हटले की मूळ वस्तू भयपट ठरते आणि विनोद हा तिचा गुण होतो. याउलट ‘भुताचा विनोदपट’ म्हटले की मूळ वस्तू विनोद, आणि भूत केवळ त्याचा विषय. आपल्या गटांचे भांडण इथेच आहे. ‘एक डाव भुताचा’ हा उघडच दुसऱ्या प्रकारचा आहे. त्यात अशोक सराफ यांचे भूत दिलीप प्रभावळकर यांच्या गरीब स्वभावाच्या मास्तरांच्या मदतीला येते, आणि ते आले की प्रेक्षकाला भीती वाटण्याऐवजी बरे वाटते. दोन्ही अंगांना समान मान द्यायचा असेल तर ‘आंबटगोड’च्या धर्तीवर ‘भयविनोदी’ हे विशेषण करता येईल. ते कानाला थोडे खडबडीत लागते हे मान्य आहे, पण ‘हास्यभयपट’पेक्षा बरे.

‘भूतपट’ मात्र नको. एक तर २०२२ च्या ‘झोंबिवली’त भूत नाहीच, तिथे झोंबी आहेत. दुसरे म्हणजे ‘भूत’ म्हणजे होऊन गेलेलेसुद्धा, त्यामुळे ‘भूतपट’ म्हटल्यावर कोणी ऐतिहासिक चित्रपट समजून गडकिल्ल्यांची वाट पाहत बसेल.

वाई

मिरजेच्या सदस्यांनी केलेली फोड पटली. तिला एक शास्त्रीय जोड देतो. विश्वनाथाच्या ‘साहित्यदर्पणा’त रसांचे परस्परविरोध सांगितले आहेत आणि तिथे हास्याचे विरोधी म्हणून भयानक आणि करुण या दोघांचीच नावे येतात. म्हणजे चौदाव्या शतकातल्या या ग्रंथाच्या दृष्टीने आपण ज्या प्रकाराची क्रमवारी लावत आहात तो प्रकार मुळात अडचणीचाच आहे. परंतु विरोधी भाव एकत्र आणायचे झाल्यास त्यांचे आश्रय वेगळे ठेवावेत, ही पळवाट आनंदवर्धनाने ‘ध्वन्यालोका’त त्याच्याही आधी देऊन ठेवली आहे. वीररस नायकाच्या ठिकाणी आणि भय शत्रूच्या ठिकाणी दाखवले की दोष राहत नाही, असा त्याचा आशय आहे. तेच आपल्या विषयाला लावून पाहावे. भय पडद्यावरच्या पात्राच्या ठिकाणी आणि हसू खुर्चीत बसलेल्या माणसाच्या ठिकाणी, असे वाटप झाले की चित्रपट सुरळीत चालतो. मात्र असा चित्रपट शेवटी विनोदपटच राहतो. प्रेक्षकाच्याच ठिकाणी दोन्ही भाव आळीपाळीने उमटवणे ही खरी कसरत आहे, आणि ती ज्याला साधली त्यालाच ‘विनोदी भयपट’ हा शब्द द्यावा असे मला वाटते.

कराड

वाईच्या सदस्यांचे विवेचन वाचताना जाणवले की हे वाटप आपल्या वाक्प्रचारांनी केव्हाच करून ठेवले आहे. मराठीतले भीतीचे वाक्प्रचार सरळ दोन थरांचे आहेत. बोबडी वळणे, गाळण उडणे, घाबरगुंडी उडणे, त्रेधातिरपीट होणे, पाचावर धारण बसणे, तंतरणे, टरकणे हे शब्द आपण बहुधा दुसऱ्याच्या भीतीविषयी वापरतो आणि ते उच्चारताना आवाजात हसू असते. ‘त्याची पाचावर धारण बसली’ हे वाक्य गंभीर चेहऱ्याने सांगणे अवघडच आहे. (यातली धारण म्हणजे बाजारभाव हे पुष्कळांना आता ठाऊक नसते. भाव कडाडल्यावर उडालेली घाबरगुंडी इतक्या सहजपणे भुताच्या गोष्टीत जाऊन बसली, याचे मला नेहमी कौतुक वाटते.) दुसरा थर मात्र वेगळा आहे. काळजात धस्स होणे, अंगावर काटा येणे, पोटात गोळा येणे, पायाखालची जमीन सरकणे हे शब्द माणूस स्वतःविषयी बोलताना वापरतो, आणि त्यांत विनोदाला जागा नसते. माझी बोबडी वळली असे कोणी म्हणालाच तर तो प्रसंग टळून गेल्यानंतर, स्वतःचीच फजिती रंगवून सांगताना म्हणतो.

तेव्हा क्रमवारीसाठी कसोटी अशी असावी की ज्या चित्रपटाचे वर्णन करताना दोन्ही थरांतले शब्द लागतात तो विनोदी भयपट, आणि ज्याला पहिलाच थर पुरतो तो भुताचा विनोदपट. या कसोटीवर ‘झपाटलेला’ सहज उतरतो. लक्ष्मीकांत बेर्डे यांच्या लक्ष्याची बोबडी वळलेली पाहून आपण हसतो, पण रामदास पाध्ये यांनी घडवलेला तो बाहुला मान वळवून बघू लागला की लहानपणी आमच्यापैकी कित्येकांच्या पोटात गोळा येत असे आणि घरातल्या बाहुल्या रात्री कपाटात बंद होत असत. त्या चित्रपटाची मूळ कल्पना १९८८ च्या ‘चाइल्ड्स प्ले’ या अमेरिकी चित्रपटाशी मिळतीजुळती आहे हे खरे आहे, परंतु तात्या विंचू या नावात जो गावरान डंख आहे तो उसना आणता येत नाही. त्याच्या साथीदाराचे नाव कुबड्या खवीस आहे हेही इथे नोंदवण्यासारखे आहे. खवीस हा भुतांचा एक प्रकार, पण चित्रपटात ते नाव हाडामांसाच्या गुंडाला दिले आहे आणि भुताचे काम बाहुल्याला दिले आहे.

तासगाव

‘झपाटणे’ आणि ‘पछाडणे’ यांविषयी कोणीच लिहिले नाही, म्हणून मी लिहितो, कारण मला हा प्रश्न पहिल्यापेक्षा महत्त्वाचा वाटतो. दोन्ही क्रियापदे भुतासाठी चालतात, परंतु भूत बाजूला केल्यावर ती वेगळ्या वाटांनी जातात. ‘झपाटणे’त वेग आहे. झपाटा, झपाट्याने, झपझप ही सगळी त्याच घरातली वाटणारी मंडळी आहेत. म्हणूनच ‘ध्येयाने झपाटलेला तरुण’ ही स्तुती ठरते आणि समाजकार्यात वाहून घेतलेल्या माणसाला आपण आदराने झपाटलेला म्हणतो. ‘पछाडणे’त पाडणे आहे, लोळवणे आहे, नामोहरम करणे आहे. ‘दुखण्याने पछाडले’, ‘कर्जाने पछाडला’, ‘संशयाने पछाडला’ अशीच उदाहरणे तोंडात येतात. ‘कर्जाने झपाटला’ असे कोणी म्हणत नाही आणि ‘ध्येयाने पछाडलेला कार्यकर्ता’ असे भाषणात कोणी म्हटलेच तर कार्यकर्ता रागावेल.

आता चित्रपटांकडे पाहावे. तात्या विंचूचा आत्मा बाहुल्यात शिरतो आणि मग बाहुला वेगाने, चपळाईने, हेतू मनात धरून हालचाल करू लागतो, तेव्हा ‘झपाटलेला’ हाच शब्द शोभतो. ‘पछाडलेला’मध्ये मात्र जुन्या वाड्यातली भुते जिवंत माणसांच्या अंगात शिरून त्यांना स्वतःचे उरू देत नाहीत. दिलीप प्रभावळकर यांचा इनामदार भुस्नळे ज्याचा ताबा घेतो त्याची अवस्था लोळवल्यासारखीच होते. निवड योगायोगाने झाली असो वा विचाराने, ती अचूक आहे.

आमच्या भागातल्या रोजच्या बोलण्यात या दोन्हींपैकी एकही शब्द फारसा येत नाही हेही सांगितले पाहिजे. इथे ‘लागलंय’, ‘धरलंय’ किंवा नुसते ‘बाहेरचं हाय’ एवढेच म्हणतात. त्यात भुताचे नावही घेतले जात नाही, आणि नाव न घेण्यातच खरी भीती आहे. देवाच्या बाबतीत ‘अंगात येणे’ किंवा ‘संचार’ म्हणतात आणि भुताच्या बाबतीत ‘बाधा’. विनोदी चित्रपट याच्या बरोबर उलट वागतो. तो भुताला नाव देतो, आडनाव देतो, इनामदारकीसुद्धा देतो.

विटा

तासगावच्या सदस्यांच्या शेवटच्या वाक्यावरून ‘मुंज्या’विषयी लिहावेसे वाटले. आपल्याकडचा मूळ शब्द ‘मुंजा’ आहे. मुंज झालेला पण सोडमुंजेआधी वारलेला मुलगा मुंजा होतो आणि पिंपळावर राहतो, ही समजूत घाटावर आणि कोकणात सारखीच ऐकू येते. आदित्य सरपोतदार यांनी चित्रपट कोकणात ठेवला आणि नाव ‘मुंज्या’ केले. तेवढ्याने शब्दाचा दरारा कमी झाला, कारण नावाला ‘-या’ लावणे ही आपली सलगीची किंवा उपहासाची रीत आहे. गणेशचा गण्या होतो, प्रकाशचा पक्या होतो आणि लक्ष्मीकांतचा लक्ष्या होतो. ‘मुंजा’तला दातांजवळचा ‘ज’ही ‘मुंज्या’त तालव्य होतो आणि हिंदी प्रेक्षकाला उच्चारायला सोपा जातो. मुंजा पिंपळावरून खाली उतरून गल्लीतला खोडकर पोरगा झाला, असे हे नाव सांगते, आणि चित्रपटही बव्हंशी तसाच वागतो. मला तो ‘स्त्री’पेक्षा अधिक आवडतो, पण त्याचे कारण मी मराठी आहे इतकेच असू शकेल.

त्याच दिग्दर्शकाच्या ‘झोंबिवली’च्या नावातही गंमत आहे. डोंबिवलीशी केलेली कोटी सर्वांना कळते, परंतु ‘झोंबी’ हा शब्द मराठीत आधीपासून आहे, अंगाला अंग भिडवून केलेल्या झटापटीला झोंबी म्हणतात. कुस्तीच्या या मुलखात तरी तो शब्द परका वाटू नये.

जत

‘स्त्री’ची गोष्ट मध्य प्रदेशातल्या चंदेरीत घडते, पण रात्री येणाऱ्या बाईला घरावर ‘उद्या ये’ असे लिहून परत पाठवायचे, ही कल्पना कर्नाटकातल्या ‘नाळे बा’ या दंतकथेवरून आलेली आहे. ‘नाळे बा’ म्हणजे कन्नडमध्ये ‘उद्या ये’. आमच्या तालुक्यात कन्नड घरोघरी बोलली जात असल्यामुळे हा संदर्भ समजावून सांगावा लागला नाही. भूत वाचू शकते आणि वाचलेले मानतेही, हा त्या दंतकथेतला विनोद चित्रपटाच्या आधीचा आहे. अशा भुताला आपल्याकडे हडळ किंवा जखीण म्हटले असते. ‘स्त्री’ हे नाव मात्र जाणूनबुजून सभ्य ठेवलेले आहे आणि त्या सभ्यपणातच त्यातली टोचणी आहे.

सातारा

चर्चा रंगली आहे, तरी एक भेद राखावा अशी विनंती आहे. मुंजा, खवीस, हडळ, समंध हे शब्द आता गोष्टींतच उरले आहेत आणि त्यांवर कितीही हसले तरी कोणाचे काही बिघडत नाही. ‘करणी’ या शब्दाचे तसे नाही, कारण करणीला करणारी लागते आणि ती गावातली एखादी जिवंत बाई ठरवली जाते. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांच्या साताऱ्यात हे मुद्दाम सांगावे लागू नये. २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याच्या अनुसूचीत भूत उतरवण्याच्या बहाण्याने केलेली मारहाण आणि अमुक व्यक्ती करणी करते असा आरोप, या दोन्ही गोष्टी आलेल्या आहेत. विनोदी चित्रपटाने भुताची टिंगल करावी, बाधा झालेल्या माणसाची करू नये, एवढेच माझे म्हणणे आहे. या दृष्टीने १९९३ चा मल्याळम ‘मणिचित्रताळ’ आणि त्यावरून प्रियदर्शन यांनी २००७ मध्ये केलेला ‘भूल भुलैया’ हे वेगळे ठरतात, कारण तिथे सगळे ज्याला बाधा म्हणतात तो शेवटी मनाचा आजार निघतो. मात्र भूत नसलेल्या चित्रपटाला आपल्या यादीत घ्यावे का, हे आपणच ठरवावे.

कराड

घ्यावे. अंगावर काटा येतो की नाही ही कसोटी आहे, भूत खरे निघते की नाही ही नव्हे. ‘भूल भुलैया’चा शेवटचा नाच पाहताना काटा येतो आणि त्याआधी तासभर घरातल्या मंडळींची त्रेधातिरपीट पाहून हसू येते. मिरजेच्या सदस्यांनी ‘भूतपट’ हा शब्द नाकारला ते यासाठीही योग्य झाले.

सांगली (विषय मांडणारे सदस्य)

सर्वांचे आभार. वाईच्या सदस्यांनी सांगितलेला रसविरोध वाचून आमच्या नाट्यपंढरीचा अभिमान थोडा जागा झाला. विष्णुदास भावे यांनी १८४३ मध्ये इथे ‘सीता स्वयंवर’ केले आणि त्यानंतरच्या त्या पौराणिक नाटकांच्या परंपरेत विदूषकही होता आणि आरडाओरडा करत येणारे राक्षसही होते. त्या राक्षसांच्या ओरडण्यावरून अशा नाटकांना ‘अललडुर्र’ हे नाव पडले. ज्या शब्दाला आज आपण हसतो, तो मुळात प्रेक्षकाला दचकवण्यासाठी होता.

आम्ही आता दोन याद्या केल्या आहेत. ‘विनोदी भयपट’ या यादीत ‘झपाटलेला’ पहिला, ‘भूल भुलैया’ दुसरा आणि ‘स्त्री’ तिसरा आला. ‘मुंज्या’ चौथा आहे आणि विट्याच्या सदस्यांचा निषेध नोंदवून घेतला आहे. ‘भुताचा विनोदपट’ या यादीत ‘एक डाव भुताचा’ एकमताने पहिला आला, तेव्हा ज्येष्ठ मंडळीही शांत झाली. ‘पछाडलेला’ कोणत्या यादीत घालावा यावर मात्र मतदान बरोबरीत सुटले. काहींच्या मते त्यातला वाडा भीतीदायक आहे आणि काहींच्या मते इनामदार तोंड उघडताच ती भीती संपते.

तासगाव

पहिल्या यादीत घालावा. इनामदार तोंड उघडेपर्यंतची शांतता मोजावी.

मिरज

दुसऱ्या यादीत. चित्रपट संपल्यावर वाडा कोणाला आठवतो? सगळ्यांना इनामदारच आठवतो.