वाकडी बोटं, लाख डोळे आणि सोसायटीच्या ग्रुपवरचा देवमाणूस

कर्वेरोडवाला:
आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर काल परत ती पोस्ट फिरली. मदुराईचे डॉ. गोविंदप्पा वेंकटस्वामी, संधिवाताने वाकडी झालेली बोटं, तरीही डोळ्यांची लाखावर ऑपरेशनं. आणि खाली पाठवणाऱ्याची फोडणी: "नाहीतर आपले पुण्यातले डॉक्टर! लाज वाटली पाहिजे." मग नमस्कारांची रांग.

डोकंच फिरलं. माणूस मोठा, वादच नाही. पण एकदा देव्हाऱ्यात बसवला की त्याने नेमकं काय केलं ते बघायला कोणी जात नाही. १९७६ साली, ५८व्या वर्षी सरकारी नोकरीतून निवृत्त होऊन ११ खाटांवर अरविंद हे डोळ्यांचं रुग्णालय सुरू केलं, ते हिशोब मांडून. एका सर्जनला दोन टेबलं. एकावरचं आटपेपर्यंत दुसऱ्यावरचा पेशंट तयार. खेड्यातल्या मुली निवडून दोन वर्षं शिकवल्या. तपासणी, भिंगाचा नंबर काढणं, सगळं त्यांच्याकडे. डॉक्टरने फक्त कापायचं. या गृहस्थांना कौतुक होतं ते मॅकडोनाल्डचं! देणाऱ्याच्या पैशात न देणाऱ्याचं भागवायचं. याला देवमाणूस कशाला लागतो?

तुळशीबागेतली:
हिशोब वाण्यालाही येतो हो. स्त्रीरोगतज्ज्ञ व्हायचं होतं, बोटांनी दगा दिला म्हणून डोळ्यांकडे वळले. हत्यारं हाताला बेतून घेतली. बहीण डॉ. नाच्चियार, मेहुणे डॉ. नंपेरुमाळसामी, सगळं घर राबलं. घरातले दागिने गहाण पडले. हे तुमच्या एक्सेलच्या कुठल्या रकान्यात बसतं?

कर्वेरोडवाला:
म्हणजे दवाखाना काढायचा तर आधी बहिणीच्या बांगड्या? अरविंदची थेनी, तिरुनेलवेलीची रुग्णालयं दागिन्यांवर नाही उभी राहिली. तुम्ही त्यागाच्या गोष्टी सांगत बसता म्हणूनच इथे कोणी ते उचलत नाही.

डॉक्टर_पौडरोड:
आमची लाज निघालीच आहे तर बोलतो. जागेचं भाडं, मायक्रोस्कोपचे हप्ते, विमा कंपनीकडे महिनोन्महिने अडकलेली बिलं. मदुराईत गावोगावच्या शिबिरांतून बसगाड्या भरून पेशंट येतात म्हणून ते गणित जमतं. इथल्या एखाद्या काकांना सांगून बघा, शेजारच्या टेबलावर दुसरा पेशंट असेल म्हणून. पायात चपला घालून निघतील.

चष्मिस:
काका जातील, पण आम्ही का उठून जातो ते ऐका. आईचा मोतीबिंदू. डॉक्टर पाच मिनिटं, काउन्सेलर बाई पाऊण तास. समोर डोळ्यात बसवायच्या भिंगांचा लॅमिनेट केलेला कागद, तीन रंगांत: भारतीय, इंपोर्टेड, प्रीमियम. भारतीयवर बोट ठेवलं तर बाई हळूच म्हणाल्या, "आईंसाठीच घेताय ना?" काय बिशाद पुढे बोलायची!

डॉक्टर_पौडरोड:
मोनोफोकल म्हणजे एकाच अंतराचं भिंग आणि मल्टिफोकल म्हणजे जवळचं-लांबचं दोन्ही दाखवणारं, यात फरक असतो. चष्मा नको असं पेशंटच म्हणतात.

चष्मिस:
आई चष्मा लावून पोथी वाचते, आजही. तिला कोणी विचारलंच नाही. आणि ते "भारतीय" भिंग म्हणजे काय ते मी नंतर वाचलं. अरविंदने १९९२ मध्ये ऑरोलॅब हा भिंगांचा कारखाना काढला, शंभर डॉलरच्या आसपासचं भिंग दहा डॉलरवर आणलं. शंभराहून जास्त देशांत जातं. पौड रोडला तेवढं चालत नाही!

पेन्शनर_औंध:
हृदयाच्या स्टेंटला २०१७ मध्ये सरकारने कमाल किंमत ठरवली, कृत्रिम गुडघ्यांना ठरवली. भिंगांनी काय घोडं मारलंय? माझ्या मेडिक्लेमने "लेन्सची मर्यादा" म्हणून निम्मं बिल कापलं आणि ती मर्यादा पॉलिसीत कुठे लिहिलीय ते अजून सापडलेलं नाही.

कर्वेरोडवाला:
मंडळी, धागा मेडिक्लेमवर नाहीये.

पेन्शनर_औंध:
तुमचं बिल कापलं जाईल तेव्हा असेल.

आजोबांचा_नातू:
शिबिरांवर दोन शब्द. डॉ. एम. सी. मोदींनी एका दिवसात ८३३ मोतीबिंदू काढले होते, तेही समाजसेवकच. पण तेव्हाच्या शिबिरांत भिंग बसवत नसत. आमच्या आजोबांना मिळाला सोडावॉटरच्या बाटलीच्या बुडासारखा चष्मा. दार असायचं एकीकडे, आजोबा धडकायचे दुसरीकडे. एकदा बैलाने तुडवला चष्मा, पुढचा येईपर्यंत माणूस परत आंधळा. म्हणून माझ्या लेखी वेंकटस्वामींचं खरं काम तो कारखाना. बोटांचे फोटो फिरवा खुशाल.

तुळशीबागेतली:
कारखाना काढायचा तर गरिबालाही डोळ्यातच भिंग मिळालं पाहिजे, हे आधी कोणाला तरी वाटावं लागतं. परदेशातल्या कंपन्यांकडे हिशोबनीस कमी होते का?

कर्वेरोडवाला:
बरं, वाटलं त्यांना. मान्य. आता दोन टेबलांवर बोलूया का?

डॉक्टर_पौडरोड:
टेबलांचं राहू द्या. मी दरपत्रक दाराबाहेर लावतो, भारतीय भिंग सगळ्यात वर. संत झालो का? फक्त चष्मिसने त्या लॅमिनेट कागदाचा फोटो इथे टाकावा. अशी भाषा सगळीकडे असते हे मला पटत नाही.

चष्मिस:
फोटो काढू देत नाहीत हो डॉक्टर. कागद हातातही देत नाहीत, बाई स्वतःच धरून बसतात.