बॅटरीवालं सोल्डरिंग आयर्न दुरुस्त करू की नवं घेऊ? बजेट ८०० रु. (डिचोली, गोवा)

नरकासुर_वायरमन: ८ वॅटचं, आत एक १८६५० सेल (परत चार्ज होणारा लिथियमचा) असलेलं आयर्न आहे. गणेश चवथीनंतर पेटीतच राहिलं. काल काढलं तर स्प्रिंग हिरवीगार, बिट (तापणारं टोक) काळं, सोल्डर थेंब होऊन खाली पडतं. चार्जिंगला लावलं की लाल दिवा नुसता लुकलुकतो. दिवाळीत जाळतात त्या नरकासुराच्या पुतळ्याच्या डोळ्यांची आणि मुकुटाची १२ व्होल्टची एलईडी पट्टी जोडायची आहे. तो उभा आहे रस्त्याच्या कडेला, जवळ प्लग नाही. दहा दिवस हातात. बजेट ८००, त्यावर एक रुपया नाही.

फोंडेकर७: टीएस १०१ घे, पॉवर बँकेवर चालणारं आयर्न आहे. पॉवर बँकेसकट मला साडेपाच हजार पडले, पण काही सेकंदांत तापतं. पॉवर बँक मात्र पीडीवाली (जास्त व्होल्ट देणारी) हवी, साध्या ५ व्होल्टवर ते नुसतं कोमट होतं.

नरकासुर_वायरमन: दादा, ८००.

जुना_रेडिओवाला: बिट कानशीने घास, तांबं दिसलं की लगेच सोल्डर लाव. चाळीस वर्षं हेच करतोय.

मांडवीकाठ: काका, ते जुन्या साध्या तांब्याच्या बिटाला चालतं. आताच्या बिटावर लोखंडाचा मुलामा असतो. कानस मारली की मुलामा जातो आणि सोल्डर आतलं तांबं खाऊन बिटाला खड्डा पाडतं. एक बिट मी असंच घालवलंय. पितळी तारेच्या चोथ्यात फिरव, सोल्डरिंगच्या पेस्टमध्ये (फ्लक्स) बुडव, ६०/४० (कथील-शिसं) सोल्डर लाव, पूस, परत लाव. पाच-सहा फेऱ्यांत चकाकी येते. आणि काम झालं की पुसून ठेवू नकोस, टोकावर सोल्डरचा थर राहू दे.

जुना_रेडिओवाला: आमच्या वेळी बिटं घासावी लागायची म्हणून माणसं कामाला लागायची.

पेडण्याचा_पंखा: गॅसवालं घे. लायटरचा गॅस भरायचा, चार्जिंगची कटकट नाही.

मांडवीकाठ: नरकासुराच्या पोटात गवत आणि वर कागद. गॅसच्या आयर्नच्या बाजूच्या भोकातून गरम झोत येतो. पहाटेपर्यंत थांबायचं की रात्रीच जाळायचा?

पेडण्याचा_पंखा: आम्ही दोन वर्षं वापरतोय, काही झालं नाही. गेल्या वर्षी जळाली ती पट्टी, पोरं काढायची विसरली म्हणून. बाराशे रुपये नरकासुराबरोबर गेले.

साखळीची_सून: त्यापेक्षा स्पीकर कमी लावा, सबंध वाडा झोपत नाही.

फोंडेकर७: टीएस १०१ ला बिटंही वेगवेगळी मिळतात.

सेलवाला_सत्तरी: आधी मल्टिमीटर घे आणि थेट सेलवरच मोज, चार्जिंगच्या बोर्डाच्या पुढे नको. अडीच व्होल्टच्या बरंच खाली गेला असेल तर चार्ज करायचा हट्ट सोड, आत शॉर्ट होण्याचा धोका असतो. हिरवं ते आपल्या दमट, खाऱ्या हवेचं काम. सेल काढून स्प्रिंगला कापसाने व्हिनेगर लाव, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पूस, सुकव. नवा सेल टाकताना अधिक-उणं बघ. सेलच्या टोकांना धातूच्या पट्ट्या वेल्ड केलेल्या असतील तर सेलवर थेट सोल्डर मारू नकोस, तापून सेल बिघडतो.

मांडवीकाठ: हेच मी सांगणार होतो.

पेडण्याचा_पंखा: गॅसवाल्यात सेलच नसतो.

नरकासुर_वायरमन: मोजला, ०.९ व्होल्ट. सेल बाद. स्प्रिंग साफ झाली, बिटही परत आलं: चौथ्या फेरीला टोकाला चंदेरी ठिपका धरला आणि बघता बघता तो खालपर्यंत पसरला. मांडवीकाठ, थँक्यू. तात्पुरता दुसरा सेल घालून, ५ व्होल्टच्या चार्जरला लावून आयर्न चालवून पाहिलं. पट्टीला नीट चालतं, पण मुकुटाची जाड वायर उष्णता ओढून घेते, सोल्डर दाण्यासारखं खडबडीत राहतं. म्हणून ठरवलं, नवं काही घेत नाही. कोपऱ्यावरच्या दुकानातून एक्स्टेन्शन ओढतो आणि मामाचं साधं २५ वॅटचं लावतो.

फोंडेकर७: एवढं सांगून वायरवालंच!

जुना_रेडिओवाला: शाबास. त्याचं बिट साध्या तांब्याचं असेल तर घास बिनधास्त.

सेलवाला_सत्तरी: पाऊस पडला तर एक्स्टेन्शनचा बोर्ड जमिनीवर ठेवू नकोस, वर टांग.

नरकासुर_वायरमन: दुकान ते नरकासुर तीस मीटर भरतं. माझ्याकडे वीसच आहे. डिचोलीत कोणी दहा मीटर उसनी देईल का?