मदत हवी आहे: सोमवारी 'इंटरकल्चरल ट्रेनिंग' घ्यायचंय, मटेरियल द्या (तातडीचं!)

मांजलपूरकर | गुरुवार, रात्री ९:४०

मंडळी, पाल्हाळ न लावता विचारते. आमच्या कंपनीत (बडोद्याजवळ, मंजूसर जीआयडीसी) सोमवारी दोन तासांचं इंटरकल्चरल ट्रेनिंग ठेवायचंय. मॅनेजर, सुपरवायझर, स्टाफ मिळून तीसेक जण. माझ्या गळ्यात पडलंय, कारण एचआरमध्ये मी 'बोलते बरी'. साहेबांनी आज साडेसहाला सांगितलं, मी पर्स खांद्याला लावल्यावर. बाहेरून ट्रेनर बोलवायचा नाही, बजेट म्हणजे चहा-समोसे. कुणाकडे तयार पीपीटी, खेळ, काहीही असेल तर प्लीज द्या. नेटवर सगळीकडे तेच, एकमेकांवर ठेवलेल्या रंगीबेरंगी हातांचे फोटो. 'गुगल कर' सांगणाऱ्यांनी पुढच्या धाग्यावर जावं.

निवांत_पाटील | ९:५२

अहो पण कुठल्या देशाचे लोक? जर्मन, कोरियन, स्पॅनिश? की आपल्याकडचेच चार राज्यांतले? भाषा कोणती? आणि मुळात झालं काय? उगाच कुणी समोसे घालून ट्रेनिंग घेत नाही, कुठेतरी शेकलेलं असणार.

संजू_एचआर | १०:०५

काळजी नसावी, माझ्याकडे ४२ स्लाइड्स तयार आहेत. खेर्त हॉफस्टेड, देशांच्या संस्कृती आकड्यांत मोजणारे डच संशोधक. देश कुठलाही असो, आकडा टाकायचा की फरक दिसतो. सत्तेतलं अंतर भारत ७७, जर्मनी ३५. म्हणजे आपल्याकडे साहेबापुढे तोंड उघडत नाहीत, तिकडे उघडतात. अनिश्चिततेची धास्ती जपान ९२, भारत ४०. आलेख दाखवलात की मॅनेजर खूश. व्यनि (खासगी निरोप) करा.

कायद्याचं_बोला | १०:११

आधी लैंगिक छळ प्रतिबंधाचं ट्रेनिंग झालंय का? २०१३ चा कायदा आहे. दहा किंवा जास्त कर्मचारी असतील तर अंतर्गत समिती सक्तीची. समितीत बाहेरचा एक सदस्य लागतो, अध्यक्ष महिलाच हवी. बऱ्याच कंपन्या याकडे दुर्लक्ष करतात आणि मग

कायद्याचं_बोला | १०:१२

(अर्धवट पोस्ट झालं.) मग पळापळ होते.

मांजलपूरकर | १०:३०

समिती आहे, तिची सेक्रेटरी मीच. तो प्रश्न नव्हता.

देश जपान. माणूस एकच. कस्टमरकडून आलेले क्वालिटीचे सल्लागार, दीड वर्षापासून आमच्याकडेच बसतात. हे सगळ्यांना माहीतच आहे असं धरून चालले, चुकलं. संजूजी, स्लाइड्स पाठवा, बघते. झालं काय ते लिहीत बसले तर रात्र जाईल.

निवांत_पाटील | १०:३४

जाऊ दे रात्र. एका माणसासाठी तीस जणांना ट्रेनिंग म्हणजे गोष्ट दिसते तशी नाही. लिहा.

मांजलपूरकर | ११:१५

बरं. उत्तरायणाच्या (संक्रांतीच्या, पतंगांच्या) आठवड्यातली गोष्ट. आमचं एक गेज, म्हणजे पीस मोजायचं उपकरण, कॅलिब्रेशनला (अचूकता तपासायला) लॅबमध्ये गेलं होतं. सोमवारी जपानी साहेबांनी सुपरवायझरला विचारलं, शुक्रवारी सकाळी गेज मिळेल ना? सुपरवायझर म्हणाला, 'थई जशे.' इंग्रजीत 'येस सर, विल बी डन'. आता १४ ला उत्तरायण, १५ ला वासी उत्तरायण. बडोद्यात त्या दोन दिवशी लॅब सोडा, पानाचा गल्लासुद्धा अर्धवट उघडा असतो, मालक गच्चीवर. शुक्रवारी गेज नाही. साहेब ओरडले नाहीत, काही नाही. हजार-बाराशे पीस होल्डवर टाकले, प्रत्येक क्रेटला स्वतःच्या हाताने लाल टॅग लावला आणि जपानला मेल केला. तेव्हापासून मीटिंगमध्ये बोलत नाहीत. वही उघडतात, पेनाचं टोपण काढतात, परत लावतात.

सुपरवायझर वेगळाच दुखावलाय. म्हणतो, 'मधे एकदा तरी विचारलं असतं तर मी सांगितलं असतं. डायरेक्ट मेल?' तोवर दोघांचं छान जमायचं. अख्खी लाइन त्यांना 'सानभाई' म्हणते. जपानीतलं आदराचं 'सान' आणि आमचं 'भाई', दोन्ही जोडून.

खवचट | ११:२१

सानभाई! बाकी सगळं राहू दे, या एका शब्दात तुमचं ट्रेनिंग झालेलं आहे.

नागोया_रिटर्न | ११:४८

सात वर्षं नागोयाजवळ एका पार्ट्सच्या कारखान्यात होतो, म्हणून लिहितो. तुमच्या साहेबांच्या डोक्यात काय चाललंय ते मला इथे बसून दिसतंय.

तिकडे नव्या पोराला पहिल्या महिन्यात 'होरेनसो' शिकवतात. होकोकु म्हणजे काम कुठवर आलं ते वर सांगणं, रेनराकु म्हणजे संबंधितांना कळवणं, सोदान म्हणजे अडलं की सल्ला मागणं. तिन्हींची पहिली अक्षरं जोडून शब्द झाला. (होरेनसो म्हणजे पालकाची भाजीही, त्यामुळे विसरत नाही.) यातली मेख अशी की सांगण्याची जबाबदारी काम करणाऱ्यावर असते, विचारण्याची वरिष्ठावर नाही. वाईट बातमी तर सगळ्यात आधी. तुमचा सुपरवायझर म्हणतो 'त्यांनी विचारायला हवं होतं'. साहेबांच्या लेखी पुन्हा विचारणं म्हणजे तुझ्यावर विश्वास नाही असं तोंडावर सांगणं. दोघंही एकमेकांचा मान राखत बसले आणि गेज लॅबमध्ये.

उलटंही असतं. ते 'हाय' (जपानीत 'हो') म्हणाले म्हणजे कबूल केलं असं नाही. बरेचदा अर्थ 'ऐकतोय' एवढाच. 'जरा अवघड आहे' म्हणाले तर तो नकार समजा. मी पहिल्या वर्षी 'अवघड आहे' ऐकून उत्साहाने तीन नवे पर्याय घेऊन गेलो होतो. आजही आठवलं की कान गरम होतात.

संजू_एचआर | शुक्रवार, सकाळी ७:५५

तेच म्हणतोय. ९२ विरुद्ध ४०. माझी १७ नंबरची स्लाइड.

खवचट | ८:२०

संजूशेठ, ते आकडे मुळात आयबीएमच्या नोकरांच्या सर्व्हेतून आलेत, १९६७ ते १९७३ मधल्या. एकाच कंपनीचे लोक, पन्नास वर्षांपूर्वीचे. भारताचे ७७ म्हणजे कुणाचे? मंजूसरच्या पटेलचे, ओडिशाच्या ऑपरेटरचे, की मांजलपूरकर ताईंचे? खुद्द हॉफस्टेड सांगायचे की हे आकडे देशादेशांच्या तुलनेचे आहेत, माणसाला लावू नका. तुम्ही माणसाच्या कपाळावर चिकटवताय.

संजू_एचआर | ८:३१

तुमच्याकडे पर्याय आहे का? टीका कुणीही करेल. मी बारा वर्षं ट्रेनिंग घेतोय, फीडबॅक फॉर्म बघा एकदा.

खवचट | ८:३३

फीडबॅक फॉर्मवर समोशाला किती मार्क असतात?

जुना_बडोदेकर | ९:१०

भांडू नका रे. तुम्हाला हे आता सुचतंय, आमच्या बडोद्यात हे ट्रेनिंग १८७५ पासून चालू आहे. सयाजीराव कवळाण्याहून बारा वर्षांचे आले. राज्य गुजराती रयतेचं, दरबार मराठी, दिवाण बाहेरचे, शिक्षक इलियट साहेब. मराठी, गुजराती, उर्दू, इंग्रजी, सगळ्यांचे धडे एकदम. श्रीअरविंद १८९३ मध्ये विलायतेहून इथे नोकरीला आले, १९०६ पर्यंत होते, मराठी आणि गुजराती दोन्ही इथे शिकले. कुणी पीपीटी दाखवली नव्हती.

आमच्या दांडिया बाजारात अजून घरात मराठी, ओट्यावर गुजराती. माझी आजी भाजीवाल्याला 'भाई, जरा सारखं बघून दे ने' म्हणायची. हे कुठल्या भाषेत बसतं सांगा.

सुगरण | ९:२२

काका, तुमच्याकडे सेव उसळ म्हणतात तिला आम्ही पुण्याचे मिसळच म्हणतो हं. नाव बदललं म्हणून पदार्थ बदलत नाही.

जुना_बडोदेकर | ९:२५

बदलतो. तुमच्यात मटकी, आमच्यात वाटाणा. वर ती लसणाची तिखट तरी. एकदा या, मग बोला.

सीएनसी_काका | ११:०५

भाकरी-मिसळ नंतर करा. ताई, मी तीस वर्षं शॉप फ्लोअरवर काढलीत, मकरपुऱ्यात. मला एकच सांगा. गेज आलं नाही हे शुक्रवारच्या आधी लाइनवर कुणालाच कळलं नव्हतं? हे शक्यच नाही. ज्याला त्या गेजने पीस तपासायचे असतात त्याला पहिल्या तासात कळतं. तो ऑपरेटर कोण? त्याने कुणाला सांगितलं? आणि तुमच्या तीस जणांत तो आहे का?

मांजलपूरकर | ११:४०

ऑपरेटर कॉन्ट्रॅक्टवर आहेत, ट्रेनिंग फक्त स्टाफला. बहुतेक ओडिशाचे, थोडे यूपीचे.

सीएनसी_काका | ११:४४

हं. विचारून बघा तरी.

ग्रंथपाल | दुपारी २:३०

थोडं मागचं, ज्यांना रस असेल त्यांच्यासाठी. हा प्रकार सुरू झाला अमेरिकेच्या परराष्ट्र खात्यात. एडवर्ड हॉल नावाचे मानववंशशास्त्रज्ञ १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला परदेशी जाणाऱ्या अधिकाऱ्यांना शिकवत. त्यांच्या लक्षात आलं की त्या लोकांना संस्कृतीची व्याख्या नको असते, समोरचा किती जवळ उभा राहतो, वेळ कशी पाळतो, गप्प का बसतो, एवढंच हवं असतं. जपान आणि भारत दोन्ही न बोलता समजून घेणारे समाज, असं त्यांच्या मांडणीवरून म्हणतात. गंमत अशी की दोघंही न बोलताच समजेल म्हणून थांबतात, पण काय समजायचं ते दोघांचं वेगळं.

दोन तासांसाठी एक जुनी युक्ती सांगतो. १९६०च्या दशकात इलिनॉय विद्यापीठात तयार झाली. एक खरा प्रसंग लिहायचा आणि खाली प्रश्न, 'समोरचा असं का वागला असेल?' चार कारणं द्यायची, चारही पटण्यासारखी. प्रत्येकाने एक निवडायचं, मग त्या समाजातल्या माणसाला कुठलं बरोबर वाटतं ते बघायचं. तुमच्याकडे प्रसंग तयार आहे. स्लाइड एकही लागत नाही.

संजू_एचआर | २:४१

चांगलं आहे, पण साहेबांना स्लाइड्स लागतात. अनुभवाने सांगतो.

नागोया_रिटर्न | २:५८

ग्रंथपाल +१. एकच भर. सगळ्यांसमोर साहेबांना 'तुम्ही मेल का केला' असं विचारू नका, लाजेने मरतील ते. आधी एकट्याने गाठा, काय करणार आहात ते दाखवा, त्यांचं म्हणणं घ्या. तिकडे याला नेमावाशी म्हणतात. झाड हलवण्याआधी मुळांभोवतीची माती थोडी थोडी मोकळी करतात, तसं. मीटिंगमध्ये निर्णय होत नाही, झालेला निर्णय वाचून दाखवतात. सुपरवायझरचंही तसंच करा.

अमोल_३६ | ४:१५

जपानी शिकायचं असेल तर एन ५ पासून (जपानी परीक्षेची सगळ्यात सोपी पातळी) सुरुवात करा, परीक्षा जुलै आणि डिसेंबरमध्ये असते. मी पुण्यातून दिली. कांजीची भीती बाळगू नका.

मांजलपूरकर | शनिवार, रात्री ८:१०

काका, विचारलं. आज हाफ डे होता, सुटल्यावर कँटीनमागे दोन ऑपरेटरांना गाठलं. त्यातला एक मंगळवारीच सुपरवायझरला म्हणाला होता, 'साब, गेज आया नहीं, लैब भी बंद रहेगा.' सुपरवायझर म्हणाला, 'तू मशीन चला.' ऑपरेटरने चालवलं. मी विचारलं, 'जपानी साहेबांना का नाही सांगितलं, ते तर मागेच उभे असतात?' त्याने माझ्याकडे असं बघितलं की मलाच लाज वाटली. म्हणाला, 'मैडम, मेरा नाम उनको मालूम नहीं है.'

सुपरवायझरचीही बाजू ऐकली. त्याने लॅबवाल्याला दोनदा फोन केला होता, लॅबवाल्याने त्याला तेच ऐकवलं, 'थई जशे'. तो म्हणतो, 'ना कसं म्हणायचं, दीड वर्षात पहिल्यांदा त्यांनी मला स्वतःहून काम सांगितलं होतं.'

उद्या रविवार. प्रसंग मराठीत लिहून झालाय, आता हिंदी-गुजराती-इंग्रजी करतेय. ऑपरेटरांना बसवायला आमचे साहेब तयार नाहीत, म्हणतात लाइन कोण चालवणार.

सीएनसी_काका | ८:२२

बाराशे पीस होल्डवर असताना कोण चालवत होतं, विचारा त्यांना. नम्रपणे विचारा.

सुगरण | ८:४०

ताई, आणि सगळ्यांना समोसे म्हणालात, कुणी जैन आहे का? बटाटा चालणार नाही.

मांजलपूरकर | ८:४४

अरे देवा. तिघं आहेत. खमण सांगते.

मांजलपूरकर | मंगळवार, रात्री १०:०५

काल झालं. थोडक्यात सांगते, दमलेय.

चार ऑपरेटर मिळाले, तेही अर्ध्या तासासाठी. प्रसंगात नावं काढून टाकली होती तरी दुसऱ्या मिनिटाला सगळ्यांना कळलं, मग लपवाछपवी सोडली. 'सल्लागार पुन्हा विचारायला का आला नाही?' यावर चोवीस जणांनी खूण केली 'राग आला म्हणून'. जपानी साहेबांना मी शनिवारी रात्रीच फोन करून कागद पाठवला होता (नागोयादादा, आभार). त्यांनी खूण केली 'विश्वास होता म्हणून'. वाचून दाखवलं तेव्हा सुपरवायझर खाली बघत होता. शेवटी जपानी साहेबांनी त्या ऑपरेटरला नाव विचारलं आणि वहीत लिहून घेतलं, दोनदा उच्चार करून. दोन्ही वेळा चुकला, ऑपरेटर हसला.

ठरलं एवढंच की लाइनच्या फळ्यावर एक रकाना वाढवायचा, 'होणार नाही असं वाटतंय'. कुणीही लिहायचं, कुठल्याही भाषेत. आज दुपारपर्यंत त्यात फक्त 'पंखा' लिहिलेलं होतं. पंखा खरंच बंद आहे.

आमच्या साहेबांनी हजेरीपत्रक, फोटो आणि पीपीटी मागितलीय, ऑडिटला दाखवायला. संजूजी, त्या ४२ स्लाइड्स पाठवाच.

संजू_एचआर | १०:०९

:) पाठवल्या.

जुना_बडोदेकर | १०:३०

शाबास पोरी. सानभाईंना एकदा सेव उसळ खायला घेऊन जा. तरी वेगळी मागव त्यांना.

ग्लोबल_गणेश | बुधवार, सकाळी ९:१५

धागा आत्ताच पाहिला, प्रतिसाद वाचायला वेळ नाही. माझ्याकडे जर्मन लोकांसाठी झकास पीपीटी आहे. तुमच्याकडे कुठल्या देशाचे आहेत?